तपासायला सक्त मनाई

कोर्टाचा बेलिफ कागद घेऊन दारात उभा होता आणि आमचे घरमालक काका त्याच्या चपलेकडे बघत होते.

"अंगठा सुटत आलाय," ते म्हणाले. "जिना उतरताना पडाल. काढा."

बेलिफाने आयुष्यात शिव्या खाल्ल्या असतील, तोंडावर आपटलेली दारं बघितली असतील. पण नोटीस बजावायला गेल्यावर कोणी पायातली चप्पल काढून घेतल्याचा अनुभव त्याला नसावा. तो मुकाट्याने एका पायावर उभा राहिला. काकांनी आतून सुईदोरा आणला, अंगठा शिवला, दोनदा ओढून बघितला, खिशातून निळा खडू काढून चपलेच्या तळाशी बरोबरची एक बारीक खूण केली आणि मगच नोटिशीवर सही ठोकली. बेलिफ खाली पोचल्याचा आवाज आल्यावर त्यांनी ती वाचायला घेतली.

नोटीस त्यांच्या बायकोची होती. म्हणजे पूर्वीच्या. घटस्फोट होऊन दोनेक वर्षं झाली होती. काकांनी आपल्या घरी किंवा सोसायटीत येऊ नये, फोन करू नये, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन पाठवू नयेत, आणि आपण जिथे हजर असू तिथे त्यांनी फिरकू नये, असा मनाई हुकूम काकूंनी मागितला होता. यातलं शेवटचं वाक्य जिव्हारी लागणारं होतं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, आणि मुलीच्या लग्नात मुलीची आई हजर असणार हे सांगायला काही वकील लागत नाही.

मी काकांकडे कसा आलो ते सांगतो. यवतमाळहून मी नुकताच पुण्यात आलो होतो आणि हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागलो होतो. कोथरूडला कंपनीची बस येते म्हणून तिथेच खोली शोधत होतो. बाकीचे घरमालक मांसाहार, मित्र, मैत्रिणी आणि रात्री किती वाजता परत येणार याची चौकशी करायचे. काकांनी एकच विचारलं.

"काम काय करता?"

"टेस्टिंग. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधतो."

"आणि सापडल्या की?"

"लिहून कळवतो."

"ते लोक चिडतात?"

"फार चिडतात, काका."

जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या सामान घेऊन या," म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. कायम 'अहो टेस्टर'. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, तरी 'अहो' सुटलं नाही.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथे तपासून झालेल्या पेटीवर खडूची खूण करायची पद्धत होती, आणि त्यांच्या नजरेतून एखादा दोष सुटला असता तर सीमेवरच्या कुठल्यातरी जवानाचा हात गेला असता. त्यामुळे माणूस काटेकोर झाला यात नवल नाही. बिघडलं ते एवढंच, की संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना त्यांनी ते काम कधी तिथे ठेवलं नाही. निवृत्त झाल्यावर तर चोवीस तास मोकळेच झाले.

जिना चढताना ते कठड्याचा एकेक गज हलवत यायचे. दुधाची पिशवी उजेडात धरायचे. बसमध्ये बसायच्या आधी सीट हलवून बघायचे, आणि तोवर कंडक्टर मागचे सगळे लोक पुढे काढून द्यायचा. एकदा मला सोडायला बसथांब्यापर्यंत आले आणि कंपनीच्या बसची चाकं बघायला खाली वाकले. ड्रायव्हर मुळशीकडचा होता. "आजोबा, गाडी मी चालवतो हाय, तुम्ही नव्हं," तो म्हणाला. काका म्हणाले, "म्हणूनच बघतोय." दुसऱ्या दिवसापासून त्या बसच्या चाकांवर निळ्या खुणा दिसायला लागल्या आणि ऑफिसात आमच्या मजल्यावरच्या पोरींना वाटलं कोणीतरी नजर उतरवतंय.

माझ्या गाडीवर खूण होती, हेल्मेटवर होती, एकदा तापाने पडलो होतो तेव्हा औषधाच्या बाटलीवरही होती. कशाचंही त्यांनी कधी कौतुक केलं नाही. खूण केली म्हणजे झालं. "जे दिसतंय ते ठीकच असतं हो," असं ते नेहमी म्हणायचे. "न दिसणारं बघावं." माझ्या वऱ्हाडी बोलण्याचीही तपासणी चालायची. मी फोनवर आईला "जेवून राह्यलो" म्हणालो की आतून आवाज यायचा, "जेवताय की राहिलात, एक काय ते ठरवा."

मला हे सगळं आवडायचं. पण मी भाडेकरू होतो. काकू बायको होत्या.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि त्यानंतर त्यांनी शांतपणे घटस्फोट मागितला. काकांनी शांतपणे दिला. भांडण असं काही झालं नाही. काकू चार गल्ल्या सोडून एका सोसायटीत राहायला गेल्या. घटस्फोट झाला हे काकांना पूर्ण मान्य होतं. पण घटस्फोट झाला म्हणून गॅसची नळी जुनी व्हायची थांबते का, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून ते जायचे. काकू शाळेत असताना जायचे, शेजारणीकडून किल्ली घ्यायचे, नळी बघायचे, गीझर बघायचे, खुणा करायचे आणि यायचे. काकूंनी किल्ली शेजारून काढून घेतली, तेव्हा ते बाहेरचे मीटर आणि गच्चीवरची टाकी बघायला लागले. काकूंनी नको म्हणून सांगितलं, पुन्हा सांगितलं, मुलीकडून सांगितलं, चिठ्ठी लिहिली.

मग साखरपुडा झाला. मी आमंत्रित होतो, त्यामुळे डोळ्यांनी बघितलं. नवरदेवाकडची मंडळी लवकरच्या गाडीने निघून उपाशीपोटी आली होती. पंगत बसली, पानं वाढली, आणि पुऱ्या येईनात. मागे जाऊन बघतो तर काकांनी आचाऱ्याची भट्टी बंद करायला लावली होती आणि सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत होते. आचारी हातात झारा घेऊन आकाशाकडे बघत होता. बुडबुडे काही आले नाहीत. काकांनी खूण केली आणि म्हणाले, "आता तळा." तोपर्यंत नवरदेवाचे मामा ताटातली कोशिंबीर आणि लिंबाची फोड संपवून मीठ चाटत होते. काकू भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. त्यानंतर आठवड्याभरात बेलिफ आला.

नोटीस आल्यावर काकांचे बुद्धिबळातले भिडू असलेले एक वकील घरी आले. त्यांनी अर्ज वाचला आणि हात झटकले. "काही नाही यात. सगळं नाकारायचं. मी तिथे गेलो नाही, मला माहीत नाही, खडू कोणीही ओढतं. लग्नाला तू ऐटीत बसशील."

"पण मी गेलो होतो," काका म्हणाले.

"ते तुला माहीत आहे. कोर्टाला नाही."

"तिने लिहिलंय की मी गच्चीवर मंगळवारी गेलो. मी शुक्रवारीही गेलो होतो. ते राहिलंय."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

शेवटी उत्तर काकांनीच लिहिलं आणि ते टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज कंपनीत दुसऱ्यांच्या चुका टाइप करायचो. स्वतःच्या चुका इतक्या आवडीने सांगणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो. काकूंनी अर्जात जेवढे प्रसंग दिले होते त्यात काकांनी स्वतःहून भर घातली. मीटरची पेटी काकूंनी लिहिली होती, पण मीटरच्या पेटीचं कुलूप लिहिलं नव्हतं. गीझर होता, गीझरच्या वरचा खिळा नव्हता. काकूंच्या शाळेच्या पिशवीचा पट्टा तर त्या पार विसरूनच गेल्या होत्या. काका डोळे मिटून सांगायचे आणि मी टाइप करायचो.

"हे उत्तर आहे का कबुलीजबाब?" वकिलांनी डोक्याला हात लावून विचारलं.

"अहवाल आहे," काका म्हणाले. "अर्धवट अहवाल मी कधी पुढे पाठवला नाही."

"अरे, पण लग्नाला जायचंय ना तुला?"

यावर काका उठून खिडकीशी गेले. तिची कडी उगाच काढली आणि घातली. "मुलीचं कन्यादान करायचं आणि त्यासाठी आधी खोटं लिहून द्यायचं," ते म्हणाले, "हे मला जमायचं नाही." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीचा बंगलोरहून फोन आला तेव्हा मलाच उचलायला लावला आणि बाबा बाहेर गेलेत म्हणून सांगा, असं हाताने खुणावलं. मी तसं सांगितलं. खोटं बोलायला त्यांना जमत नसे, पण दुसऱ्याने बोललेलं चालायचं.

एक मात्र खरं. कोर्टाने अजून काही ठरवलं नव्हतं, तरी नोटीस आल्या दिवसापासून काकांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. फिरायला निघायचे, वळणापर्यंत जायचे, तिथे रस्त्याकडे पाठ करून थोडं थांबायचे आणि परत यायचे. मला ते बघवेना. एका रविवारी त्यांना न सांगता मी काकूंकडे गेलो.

दार उघडताच काकूंनी विचारलं, "त्यांनी पाठवलं?"

"नाही. मीच येऊन राह्यलो."

"मग आत या."

त्यांचं घर नीटनेटकं होतं. चहा करायला त्या आत गेल्या आणि दूध उतू गेल्याचा वास आला. त्या निवांतपणे फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या.

"बघितलंत?" आतूनच म्हणाल्या. "दूध उतू गेलं. आणि कोणी काही म्हणालं नाही. केवढी मजा आहे यात, तुम्हाला नाही कळायची."

मग त्यांनी फोटो दाखवले. कोर्टात द्यायला काढून घेतले होते. मीटरवर खूण, टाकीवर खूण, छत्रीच्या दांड्यावर खूण, चष्म्याच्या डबीवर खूण. "मी वर्गात शिकवत होते आणि मुली खुसखुसायला लागल्या. बघते तर पर्सवर मागच्या बाजूला बरोबरची खूण. मला माझ्याच मुलींनी पास केलंय असं वाटलं." सांगताना त्यांना हसू आलं आणि लगेच गेलंही.

"हे वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "वाईट असते तर सगळे म्हणाले असते, बिचारी. हे नळ दुरुस्त करतात, म्हणून सगळे म्हणतात, नशीबवान. लग्न झाल्यापासून रोज कोणीतरी आपल्याला तपासतंय, हे मी कोणाला सांगू? आता माझ्या घरात मला जरा चुकू दे. एवढंच मागतेय."

"आणि लग्न, काकू?"

"साखरपुड्याला होतात ना तुम्ही?"

"होतो."

"मग मला विचारू नका." त्या कप विसळायला लागल्या. "कन्यादानाला माझा भाऊ आणि वहिनी बसतील. अर्ज केल्यापासून मुलगी माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणते, बाबा नसतील तर मी रजिस्टर करून मोकळी होते. तिचंही चुकत नाही. माझंही चुकत नाही."

चहा चांगला झाला होता, तसं म्हणालो. काकूंनी चमकून माझ्याकडे बघितलं. "हे असं कोणी सांगितलं की किती बरं वाटतं," म्हणाल्या.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. काकांचं उत्तर त्यांनी वाचायला घेतलं आणि वाचता वाचता रुमाल तोंडाला लावला. मग काकांना उभं राहायला सांगून फोटो एकेक करून दाखवले. ही खूण तुमची? हो. ही? हो. ही? त्यावर काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मान हलवली.

"ही माझी नाही. मी इतका दाबून खडू ओढत नाही."

आमच्या वकिलांच्या चेहऱ्यावर आशा पसरली. तेवढ्यात पलीकडून काकू उभ्या राहिल्या. "ती मी काढलेली आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वकिलांना समजत नव्हतं कशी असते ते. दाखवायला काढली, ती चुकून फोटोत आली."

"वाटलंच मला," काका समाधानाने म्हणाले. बाईंना पुन्हा रुमाल काढावा लागला.

"तुमचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं. "हुकूम द्यावा की देऊ नये?"

"द्यावा," काका म्हणाले.

आमचे वकील खाली बसले.

"कारखान्यात भोंगा वाजला की मी थांबायचो," काका सांगायला लागले. "भोंगा नसता तर तिथेच राहिलो असतो. यांनी मला पुष्कळ वेळा थांबा म्हणून सांगितलं. ते मला ऐकू यायचं, पण भोंग्यासारखं वाजायचं नाही. हा कागद वाजला. यांचं घर आता यांचं आहे. मी जाणार नाही. मला कागदावरच द्या म्हणजे मला पाळता येईल." त्यांनी खिशात हात घातला, रिकामाच बाहेर काढला. "फक्त मुलीच्या लग्नाचा दिवस तेवढा सोडा. कन्यादान करू द्या. नंतर मी जेवायलासुद्धा थांबणार नाही."

बाईंनी काकूंकडे बघितलं. काकू काकांकडे बघत होत्या. हा माणूस इतकी वर्षं त्यांच्याशी बोलत आला होता, पण हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"बसू दे," काकू म्हणाल्या. शिक्षिका शेवटी शिक्षिकाच. "पण कशाला हात लावायचा नाही. वाकून बघायचं नाही. कोणाला काही सुचवायचं नाही. जे जसं असेल ते तसं असू द्यायचं. हे सगळं हुकमात लिहून पाहिजे. आणि जेवून जायचं. उपाशी जायचं नाही."

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. जेवणाचा उल्लेख असलेला मनाई हुकूम तो बहुधा एकटाच असेल.

लग्न कोथरूडच्याच एका कार्यालयात होतं. काकूंनी मला आदल्या दिवशी फोन करून काकांच्या शेजारची खुर्ची दिली होती. म्हणजे पहारा. मी मुकाट्याने पत्करला. काका पहिल्या रांगेत दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. डोक्यावरचा पंखा प्रत्येक फेरीला कुरकुरत होता. फोटोवाल्याचा स्टँड एका पायाने आखूड होता. आचाऱ्याचे लोक सिलिंडर गडगडत नेत होते, तेव्हा काकांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि माझं मनगट धरलं. पंखा पडला नाही. स्टँडही पडला नाही. वेळेवर अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सनई वाजली. "अहो टेस्टर," काका माझ्या कानाशी म्हणाले, "यातली एकही गोष्ट मी बघितली नव्हती. तरी लागलं की हो लग्न."

मग गुरुजींनी कन्यादानाला बोलावलं. काका सोवळं नेसून पाटावर बसले, शेजारी काकू बसल्या. खाली काशाची थाळी, तिच्यावर जावयाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, आणि वर काकांची. काकूंनी चांदीच्या झारीने काकांच्या हातांवर पाणी सोडायचं आणि ते झिरपत खाली जायचं. गुरुजी म्हणाले, धार अखंड हवी. काकूंनी झारी तिरकी केली आणि तोटी जिथे जोडलेली असते तिथून ती टपटप गळायला लागली. थेट काकांच्या मांडीवर.

मी जवळच होतो, मला स्वच्छ दिसलं. काकांना तर दिसलंच असणार. त्यांना न दिसणारंही दिसायचं. पण ते समोर भिंतीकडे बघत राहिले. सोवळ्यावर डाग पसरत गेला. काकूंनी झारीकडे बघितलं, मांडीकडे बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

गुरुजींचा मंत्र अडखळला. "यजमान, झारी गळतेय का हो? जरा बघा बरं."

"मला बघायला मनाई आहे," काका मान न वळवता म्हणाले. "कोर्टाची."

गुरुजी पार गोंधळले. आणि काकू हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग हसू आवरेना, मग धार काकांच्या हातांवरून घसरून गुरुजींच्या पोथीवर गेली. गुरुजी पोथी झटकत म्हणाले, आता पहिल्यापासून करावं लागेल. काकूंच्या वहिनी दुसरी झारी घेऊन धावत आल्या. काकूंनी डोळे पुसले आणि ती परत पाठवली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "हीच छान आहे."

ज्या विधीला अख्खं कार्यालय डोळे पुसतं त्या विधीला आई, बाप आणि मुलगी तिघंही हसत होते आणि जावई बिचारा ओंजळ सांभाळत एकेकाकडे बघत होता. कन्यादान पहिल्यापासून झालं. काकूंनी पाणी सोडलं, झारी गळत राहिली, आणि सोवळं चिंब भिजलं तरी काकांनी एकदाही खाली बघितलं नाही. इतका सुखी माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही, आणि त्यात नवरदेवही आला.